प्रिंटर बिघडला, दुरुस्त करावा की निरोप द्यावा?

विशेष प्रतिनिधी

जून महिना उजाडला की शहरातील मध्यमवर्गीय घरांत कागदपत्रांचा हंगाम सुरू होतो. प्रवेशाचे अर्ज, गुणपत्रिकांच्या प्रती, रहिवासाचा पुरावा, शाळेने मागितलेला प्रकल्प. नेमका याच हंगामात घरातील प्रिंटर संपावर जातो, हा अनेकांचा अनुभव आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही तेच घडले. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या इंकजेट यंत्राचे दोन दिवे एका रात्री आलटून पालटून लुकलुकू लागले आणि त्यातून एकही कागद उमटेना. सेवाकेंद्राने यंत्र न उघडताच सल्ला दिला, की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येईल. त्यापेक्षा नवेच घ्यावे. जवळच्या बाजारातील एका कारागिराने मात्र यंत्र उघडले, तळाशी शाईने चिंब झालेले पॅड बदलले, आतील काउंटर शून्यावर आणला आणि तासाभरात यंत्र चालू करून दिले.

एकाच यंत्राविषयी दोन जाणकारांचे मत इतके भिन्न कसे? दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता, असे गृहीत धरले तरी हा प्रश्न उरतोच. दुरुस्ती परवडते की नाही, हे केवळ बिघाडावर ठरत नाही. सुटा भाग मिळतो का, यंत्र उघडण्याची परवानगी आणि माहिती कोणाजवळ आहे, आणि त्या यंत्रातून नफा नेमका कोठे कमावला जातो, यांवरही ते ठरते. म्हणूनच टेबलावरच्या एका किरकोळ यंत्राचा हा प्रश्न अखेरीस ग्राहकाच्या मालकी हक्कापर्यंत जाऊन पोहोचतो.

एका थेंबाचे तंत्र

इंकजेट प्रिंटरची किंमत आज इतकी खाली आली आहे, की त्यातील तंत्रज्ञानाची नवलाई आपण विसरून गेलो आहोत. १९७७ मध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा चुकून स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली. या निरीक्षणातून तेथे उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेटची कल्पना पुढे आली, असा इतिहास सांगितला जातो. त्याच सुमारास अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी कंपनीचे अभियंतेही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले होते. अतिसूक्ष्म छिद्रामागील शाई क्षणार्धात तापवायची, त्यातून वाफेचा बुडबुडा निर्माण करायचा आणि त्याच्या दाबाने शाईचा थेंब कागदावर फेकायचा, असे हे तंत्र आहे. जपानच्या एप्सनने वेगळी वाट धरली. विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या पिझो घटकाच्या साहाय्याने, शाई न तापवता, थेंब बाहेर ढकलण्याची पद्धत तिने विकसित केली.

हा भेद केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. दुरुस्तीचा निर्णय येथूनच सुरू होतो. एचपी आणि कॅननच्या अनेक स्वस्त यंत्रांत थेंब फेकणारा भाग, म्हणजे प्रिंट हेड, शाईच्या कार्ट्रिजलाच जोडलेला असतो. कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. एप्सन आणि ब्रदरच्या यंत्रांत मात्र हेड यंत्रातच कायमचे बसवलेले असते. ते गेले तर यंत्रातील सर्वांत महागडा भाग गेला, असे समजावे. शाईच्या टाक्या असलेल्या काही यंत्रांत हेड वेगळे काढून बदलता येते, तर काहींत येत नाही. तेव्हा बिघाड झाल्यावर पहिला प्रश्न ‘किती खर्च येईल’ हा नसून ‘आपल्या यंत्राचे हेड कोठे आहे’ हा आहे.

आधी निदान, मग निर्णय

डॉक्टरने नाडी न पाहताच शस्त्रक्रिया सांगितली, तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. प्रिंटरच्या बाबतीत मात्र ‘नवीनच घ्या’ हा सल्ला आपण निमूटपणे स्वीकारतो. वास्तविक घरगुती इंकजेटचे नेहमीचे बिघाड मोजकेच आहेत आणि त्यांतील निम्मेअधिक घरच्या घरी ओळखता येतात.

काही वेळा तर बिघाड नसतोच. संगणक बदललेला असतो आणि त्यावर योग्य ड्रायव्हर चढवलेला नसतो. घरात नवा वाय-फाय राउटर आलेला असतो. स्वस्त प्रिंटरपैकी अनेक केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यालाच जोडले जातात, हे कोणी सांगितलेले नसते. यंत्राला संगणकापासून तोडून त्याच्याच बटणावरून नोझल तपासणीचे पान काढावे, अथवा साधी झेरॉक्स काढून पाहावी. ते पान नीट उमटले तर यंत्र निरोगी आहे. दोष जोडणीत आहे.

सर्वाधिक आढळणारा खरा आजार म्हणजे हेडची छिद्रे तुंबणे. आठवडेच्या आठवडे यंत्र वापरले नाही की छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात किंवा एखादा रंगच गायब होतो. आपल्याकडील एक सवय या आजाराला विशेष कारणीभूत ठरते. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याचे वळण आपल्याला लहानपणापासून असते. ते विजेच्या दृष्टीने योग्यच. परंतु प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तर हेड आपल्या जागी जाऊन रबरी झाकणाखाली बसते. मध्येच भिंतीवरून वीज तोडली, तर ते उघडेच राहू शकते आणि शाई वाळते. आधी यंत्राचे बटण, दिवा विझल्यानंतर भिंतीवरचे, एवढा क्रम पाळला तरी यंत्राचे आयुष्य वाढते.

तुंबलेल्या हेडवर यंत्रातच सफाईची सोय असते. ती दोन-तीनदा करून पाहावी आणि गुण आला नाही तर यंत्र काही तास, शक्य तर रात्रभर, तसेच ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. एकामागोमाग दहा वेळा सफाई करणे हा मात्र आजारापेक्षा भयंकर उपाय होय. प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जाऊन साचते.

हे पॅड हाच दुसरा मोठा बिघाड. वाया गेलेली शाई किती साचली, याचा अंदाज यंत्र आपल्या स्मृतीत ठेवते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की काम थांबवते. यामागील कारण अगदीच पोकळ नाही. पॅड तुडुंब भरले तर शाई टेबलावर किंवा यंत्रातील विद्युत भागांवर सांडू शकते. परंतु पॅड हा स्पंजासारखा एक साधा भाग आहे. तो बदलून काउंटर मागे आणला की यंत्र पूर्ववत चालते. नव्या काही यंत्रांत हा भाग ग्राहकालाच बदलता येईल अशा पेटीच्या स्वरूपात दिला जातो. जुन्या यंत्रांत मात्र तो स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही, आणि काउंटर मागे आणणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या हाती असते. येथे दुरुस्ती तंत्राअभावी अडत नाही, किल्लीअभावी अडते. केवळ काउंटर मागे आणून पॅड न बदलणारा कारागीर भेटला, तर मात्र त्याला नम्रपणे नकार द्यावा.

कागद ओढला न जाणे किंवा कागद अडकल्याची तक्रार हा तिसरा प्रकार. पावसाळ्यात दमट झालेला कागद, धुळीने गुळगुळीत झालेला रबरी रोलर, मुलांच्या हातून मागच्या खाचेत पडलेले पेन्सिलीचे टोपण किंवा कागदाची टाचणी ही त्याची नेहमीची कारणे. आतला कागद दिसत नाही आणि यंत्र तर कागद अडकल्याचे सांगते, अशा वेळी विजेरी घेऊन खाच तपासावी. उबदार आडोसा म्हणून आत शिरलेले झुरळ किंवा पाल सापडणे हेही आपल्याकडील कारागिरांना नवे नाही. हेड ज्या पट्टीच्या आधारे आपली जागा ओळखते त्या पारदर्शक पट्टीवर शाईचा डाग पडला, तर हेड एका बाजूला जाऊन आदळते आणि यंत्र मोठी खराबी असल्याची सूचना देते. प्रत्यक्षात मऊ कापडाने ती पट्टी हलकेच पुसणे पुरेसे ठरते.

उरले दोन गंभीर आजार: यंत्रात कायमचे बसवलेले हेड जळणे आणि मुख्य सर्किट बोर्ड निकामी होणे. विजेच्या चढउतारात वीजपुरवठ्याचा भाग गेला असेल तर तो तुलनेने स्वस्तात बदलता येतो. पण बोर्ड किंवा कायमचे हेड गेले, यंत्र स्वस्तातले आहे आणि हमीची मुदत संपली आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर यंत्राचा मोह सोडावा, हेच शहाणपणाचे. हमी संपली, असे मात्र परस्पर ठरवू नये. बिल काढून तारीख पाहावी. काही यंत्रांची हमी वर्षांत आणि छापलेल्या पानांत अशी दुहेरी मोजली जाते.

चार आण्यांची कोंबडी

दुरुस्ती परवडत नाही, या वाक्यामागील अर्थकारण आता पाहू. एचपीने १९८८ मध्ये आपला पहिला डेस्कजेट प्रिंटर बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत ९९५ डॉलर होती. एवढ्या किमतीचे यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणे हे ओघानेच येत होते. पुढील काळात यंत्रांच्या किमती घसरल्या. त्याला उत्पादनातील प्रगती कारणीभूत होतीच. पण त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे कंपन्यांनी नफ्याची जागा बदलली. दाढीचे यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पात्यांवर कमवायचे, हा व्यापारातील जुना मंत्र. प्रिंटरच्या धंद्यात तो शाईला लागू झाला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण या व्यवहाराला चपखल बसते.

यात दडवण्यासारखेही काही नाही. एचपीचे तत्कालीन मुख्याधिकारी एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत हे उघडपणे मांडले. ग्राहक प्रिंटर विकत घेतो, तेव्हा ती कंपनीने त्या ग्राहकात केलेली गुंतवणूक असते आणि त्याने पुरेशी छपाई केली नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाया जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ग्राहकाला वाटते, यंत्र मी विकत घेतले. कंपनीला वाटते, ग्राहक मी विकत घेतला. सारा तंटा या दोन समजुतींमधील आहे.

या रचनेमुळे दुकानात एक विचित्र दृश्य दिसते. स्वस्त प्रिंटरच्या कार्ट्रिजचा पूर्ण संच आणि नवा प्रिंटर यांच्या किमतीत फारसे अंतर राहत नाही. मग ग्राहक म्हणतो, शाई घेण्यापेक्षा यंत्रच नवे घेऊ. परंतु नव्या यंत्रासोबत येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा नेहमीपेक्षा कमी शाई भरलेली असते. कार्ट्रिजमधून किती पाने निघतात, हे मोजण्यासाठी आयएसओ/आयईसी २४७११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोक्यावर छापलेला पानांचा आकडा पाहून, किमतीला त्या आकड्याने भागावे. दर पानाचा खर्च हा एकच आकडा ग्राहकाच्या उपयोगाचा आहे आणि जाहिरातीत नेमका तोच सहसा ठळक नसतो.

या व्यवस्थेला बाजारानेच एक उत्तर शोधले. कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेर शाईच्या बाटल्या लावण्याची युक्ती आशियातील अनेक शहरांतील कारागिरांनी रूढ केली. अखेर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर स्वतःच बाजारात आणला आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. यंत्र महाग, शाई स्वस्त, असा उलटा हिशेब त्यात असतो. ज्या युक्तीला जुगाड म्हणून हिणवले गेले, तीच पुढे अधिकृत उत्पादन म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात आली, हे विसरता कामा नये.

हिशेब कागदावर मांडावा

निर्णयासाठी एक साधे उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, घरात कार्ट्रिजचा जुना प्रिंटर आहे, त्याच्या दुरुस्तीला १,२०० रुपये लागतील आणि शाईचा खर्च दर पानाला ५ रुपये येतो. दुसरीकडे शाईच्या टाक्यांचा नवा प्रिंटर १२,००० रुपयांना मिळतो आणि त्याचा दर पानाचा खर्च ५० पैसे आहे. दोन्ही यंत्रे तीन वर्षे चालतील, असे धरू.

घरात महिन्याला ४० पाने छापली जात असतील, तर तीन वर्षांत १,४४० पाने होतील. जुने यंत्र दुरुस्त केल्यास एकूण खर्च ८,४०० रुपये, तर नवे घेतल्यास १२,७२० रुपये. येथे दुरुस्तीच शहाणपणाची. महिन्याला १५० पाने छापली जात असतील, तर पाने होतील ५,४००. जुन्या यंत्राचा खर्च २८,२०० रुपये आणि नव्याचा १४,७००. येथे दुरुस्ती फुकट झाली असती, तरी ती तोट्याची ठरली असती! या गृहीतकांनुसार दोन्ही खर्च महिन्याला साधारण ६५ ते ७० पानांच्या दरम्यान समान होतात. याचा अर्थ असा, की दुरुस्तीचा निर्णय दुरुस्तीच्या बिलापेक्षा पानांच्या संख्येवर अधिक अवलंबून आहे. सेवाकेंद्रात हा प्रश्न ग्राहकाला क्वचितच विचारला जातो.

याच हिशेबात एक तिसरा पर्यायही दडला आहे. कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानात एका पानाला ५ रुपये पडतात असे धरले, तर महिन्याला ४० पानांचा तीन वर्षांचा खर्च ७,२०० रुपये होतो. म्हणजे जुन्या यंत्राच्या शाईएवढाच. दुरुस्तीचे १,२०० रुपये वाचतात आणि यंत्राची देखभालही टळते. ज्या घरात महिन्याला पाच-दहा पानेच लागतात, तेथे इंकजेट ठेवणे हा सोयीचा खर्च आहे, काटकसरीचा नव्हे. शिवाय इतक्या कमी वापरात शाई सुकण्याचा धोका सर्वांत जास्त. केवळ काळी छपाई आणि तीही अधूनमधून लागत असेल, तर कोरड्या पावडरवर चालणारा लेसर प्रिंटर अधिक टिकाऊ ठरतो, कारण टोनर सुकून छिद्रे तुंबण्याचा प्रश्नच तेथे नाही. रात्री अकरा वाजता मुलाला प्रकल्पाची आठवण होणे आणि झेरॉक्सचे दुकान बंद असणे, या संकटाची किंमत मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापली ठरवावी.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची

शाईवर नफा कमवायचा तर ग्राहकाने शाई आपलीच घेतली पाहिजे, यासाठी कंपन्यांनी कार्ट्रिजवर चिप बसवल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतरांची कार्ट्रिज एकाएकी नाकारण्यास सुरुवात केली, तेव्हा जगभरातून संतापाची लाट उसळली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशा निर्बंधांची पुरेशी माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोचा दंड ठोठावला. चिपमुळे दर्जा आणि सुरक्षितता राखली जाते, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. निकृष्ट शाईने हेड खराब होऊ शकते, हेही खरे. परंतु २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा कॅननला आपल्या कार्यालयीन यंत्रांची काही टोनर कार्ट्रिज चिपविनाच पाठवावी लागली आणि यंत्राने दिलेली सूचना बाजूला सारून काम कसे चालू ठेवावे, हे तिच्या जर्मनीतील शाखेने ग्राहकांना समजावून सांगितले. चिपविनाही छपाई होते, हे त्यातून सिद्ध झाले.

न्यायालयांतही हा वाद लढला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजसंबंधीच्या खटल्यात महत्त्वाचा निर्वाळा दिला. वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा अधिकार संपतो; त्यानंतर ग्राहकाने कार्ट्रिज पुन्हा भरून घेतले म्हणून पेटंटभंगाचा दावा करता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. फ्रान्सने २०१५ मध्ये यंत्राचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा गुन्हा ठरवला आणि २०१७ मध्ये तेथील एका ग्राहक संघटनेने या कायद्याखाली प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. त्यानंतर एप्सनच्या संदर्भात तपासही सुरू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला असून सदस्य देशांसाठी ३१ जुलै २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरवली आहे. मात्र हमीनंतरही दुरुस्ती करून देण्याचे बंधन ज्या वस्तूंवर घातले, त्यांच्या यादीत धुलाई यंत्रे, फ्रिज, मोबाइल यांचा समावेश असला तरी प्रिंटर नाही. ज्या यंत्राविषयी ग्राहक इतका वैतागलेला असतो, तेच यादीबाहेर राहावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

भारतातील चित्र

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासंबंधीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती नेमली गेली व तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती व हत्यारे उपलब्ध आहेत का, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत ठेवले जाते, अशा निकषांवर गुण देण्याची ही कल्पना आहे. पहिल्या टप्प्यात मोबाइल आणि टॅब्लेटचा विचार झाला आहे.

दिशा योग्य आहे. तथापि निर्देशांक म्हणजे हक्क नव्हे. खोक्यावर गुण छापल्याने ग्राहक सावध होईल, पण गल्लीतल्या कारागिराला काउंटर मागे आणण्याची किल्ली मिळणार नाही. ती मिळायची तर सुटे भाग, सर्किटचे नकाशे आणि निदानाचे सॉफ्टवेअर वाजवी दरात स्वतंत्र कारागिरांना देण्याचे बंधन कंपन्यांवर हवे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्थानकामागच्या गाळ्यात काय, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाची उपजीविका या एका तरतुदीशी बांधलेली आहे. त्याचे कौशल्य वादातीत आहे; यंत्राने त्याला ओळखण्याचेच नाकारले तर तो काय करणार?

दरम्यान, ग्राहक अगदीच निराधार नाही. हमीच्या मुदतीत दुरुस्ती नाकारली, अवास्तव आकारणी केली किंवा यंत्र ठेवून घेऊन टाळाटाळ केली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सेवाकेंद्राकडून तपासणीचा निष्कर्ष आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. तोंडी सल्ल्याला पुरावा म्हणून किंमत नसते.

भंगारानंतर काय?

यंत्राला निरोप द्यायचाच झाला तर तो कोठे द्यावा, हाही निर्णयाचा भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेसाठी गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कार्ट्रिजसह प्रिंटरचा स्पष्ट उल्लेख असून विकलेल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नोंदणीकृत केंद्रात यंत्राचे नूतनीकरण झाले तर ती जबाबदारी पुढे ढकलण्याची सवलतही नियमांत आहे. म्हणजे जुन्या यंत्राचे आयुष्य वाढवणे चांगले, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात मात्र आपला प्रिंटर रद्दीवाल्याच्या तराजूत जातो आणि तेथून त्याचे काय होते, हे कोणी विचारत नाही. यंत्र देण्यापूर्वी त्यात साठवलेला वाय-फायचा पासवर्ड पुसण्यासाठी ते मूळ स्थितीत आणावे, शाई काढून घ्यावी आणि अधिकृत संकलन केंद्राचीच निवड करावी.

सारांश असा: हेड कार्ट्रिजमध्ये असेल, बिघाड पॅड, रोलर किंवा तुंबलेल्या छिद्रांचा असेल आणि छपाई बेताची असेल, तर दुरुस्ती करावी. छपाई भरपूर असेल तर दुरुस्तीच्या निमित्ताने शाईचा हिशेबच बदलावा. छपाई नगण्य असेल तर झेरॉक्सवाल्याशी ओळख वाढवावी. बोर्ड किंवा कायमचे हेड गेले असेल, तर मात्र मन घट्ट करावे. नवे यंत्र घेताना दुकानदाराला किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत: दर पानाचा खर्च किती, हेड बदलता येते का, आणि पॅड कोण बदलून देणार?

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरचा प्रिंटर अद्याप चालू आहे. घरात दर आठवड्याला रंगीत पान एक तरी छापावे, असा नियम झाला आहे; ते काम धाकट्याकडे आहे आणि चित्रांच्या निमित्ताने तो ते आनंदाने करतो. त्या यंत्रात नवे काही बसवले असेल तर एक पॅड. बाकी सारे भाग तेच आहेत, जे ‘परवडणार नाही’ असे सांगून मोडीत काढायला निघाले होते.